वासावाचून स्वयंपाक

अंदाजेताई हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते रुग्णालयाच्या स्वयंपाकघरानं ठेवलेलं होतं. तिथं नवीन लागलेलं कुणीही विचारायचं, ताई, मीठ किती घालू? ताई म्हणायच्या, अंदाजे. पाणी किती? अंदाजे. किती वेळ शिजू द्यायचं? यावर त्या डाव उचलून नाकाकडे बोट दाखवायच्या. झालं की कळतं, एवढंच त्यांचं शास्त्र.

आणि त्यांना कळायचंच. रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून असलेलं ते स्वयंपाकघर लांबट होतं. भिंतीलगत सहा मोठ्या शेगड्या, मधे पत्र्याचं टेबल, आणि टोकाला जेवणाचे ट्रे वर नेणारी लिफ्ट. एकशे वीस रुग्णांचं सूप, भात, उकडलेल्या भाज्या, पाव आणि दुधाचं कस्टर्ड इथून वर जायचं. अंदाजेताई पहिल्या शेगडीपाशी उभ्या राहून सहाव्या शेगडीवरचं दूध लागायला आलंय हे ओळखायच्या. सव्वीस वर्षांत त्यांनी एक पाककृती लिहिली नव्हती की वाचली नव्हती.

घरी त्यांची नणंद मात्र सगळं मोबाइलवर बघून करायची. नणंद ग्रंथालयात कामाला होती, लग्न केलं नव्हतं, भाऊ-भावजयीपाशीच राहायची. रविवारी ती मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि एकेक पायरी वाचत स्वयंपाक करायची. तिला बघून अंदाजेताई हसायच्या. म्हणायच्या, त्या मोबाइलला जीभ नाही, नाक नाही, आणि तू त्याला गुरू केलंस. नणंद मनाला लावून घेत नसे. वहिनी नाकानं कांदे सोलते हे तिला ठाऊकच होतं. फक्त यांच्या बाबतीत ते थोडंफार खरंही होतं.

मग एका वर्षी थंडीत अंदाजेताईंना ताप आला. आठ दिवस अंथरूण धरलं, नवव्या दिवशी उठल्या. अंग हलकं वाटत होतं, भूक लागली होती. त्यांनी दूध तापत ठेवलं आणि तिथंच उभं राहून खिडकीतून समोरच्या छपरावर कुणीतरी पत्रे ठोकत होतं ते बघत राहिल्या. तेवढ्यात नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला आणि त्यानं शेगडी बंद केली. भांड्याचा तळ काळा झाला होता, घरभर धूर झाला होता. अंदाजेताई भांड्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या, आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं.

त्यांनी साबण हुंगला, कॉफीचा डबा हुंगला, लसूण ठेचून हुंगला. सगळं नुसतं हवेसारखं. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू तेवढं लागायचं, पण चव म्हणतात ती नव्हती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तापात कधीकधी असं होतं. महिन्यात येईल, वर्षात येईल, कदाचित येणारही नाही. खोटा धीर दिला नाही याबद्दल अंदाजेताईंनी त्यांचे आभार मानले, आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर येऊन बाकावर बराच वेळ बसून राहिल्या.

नवरा शहर बस चालवायचा. तो फार बोलणारा माणूस नव्हता. त्या संध्याकाळी त्यानं गॅस गळला तर वाजणारं एक यंत्र आणून भिंतीवर ठोकलं, आणि दुधाच्या, दह्याच्या, उरलेल्या अन्नाच्या प्रत्येक डब्यावर आपल्या वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरात तारीख लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या. बायकोला म्हणाला, तारीख गेलेलं मी खाऊन बघत जाईन, तू बघू नकोस. एवढंच. अंदाजेताईंना त्या चिठ्ठ्या बघून रडू आलं, ते त्यांनी कांदे चिरायला घेऊन निभावलं.

कामावर मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पहिले काही दिवस कसे गेले त्यांचं त्यांनाच ठाऊक. डोळ्यांत तेल घालून त्या भांड्यांकडे बघत राहायच्या, पण सहा शेगड्या आणि दोन डोळे. तरी वरून एकही तक्रार आली नाही. त्यांना वाटलं, हात बसलेला आहे, निभतंय.

निभत नव्हतं, निभावून नेलं जात होतं. त्यांच्याबरोबर वीस वर्षं भाज्या सोलणारी, चिरणारी एक बाई होती. सगळे तिला चालेलबाई म्हणत, कारण कुठल्याही पदार्थाला तिचं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे ‘चालेल’ एवढंच. आठव्या दिवशी अंदाजेताई कोठीतून परत आल्या तेव्हा चालेलबाई दुधाचं अख्खं पातेलं मोरीत ओतत होती. दूध नासलं होतं. तासाभरापूर्वी अंदाजेताईंनी स्वतः झाकण काढून ते बघितलं होतं आणि कस्टर्डसाठी बाजूला ठेवलं होतं.

"किती दिवस झाले तुला कळून?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही कामावर आल्या दिवसापासून," चालेलबाई म्हणाली. "करपलेला कांदा तुम्ही ढवळत होतात. मी मागून दुसरा ठेवला."

आठ दिवस ती रोज सकाळी सगळी पातेली हुंगून बघत होती, बिघडलेलं गुपचूप बदलत होती, आणि कुणापाशी एक शब्द बोलली नव्हती. ताईंना आधी लाज वाटली. मग वाटलं, हिनं हे सगळं पोटात घातलं, पण ते नासलं दूध एखाद्या आजारी माणसाच्या पोटात गेलं असतं तर? त्याच दुपारी त्या एप्रन काढून, केस नीट करून वरच्या मजल्यावर आहारतज्ज्ञ मॅडमच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाल्या, मला काढून टाकलंत तरी मी काही म्हणणार नाही.

आहारतज्ज्ञ त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होती आणि शिस्तीची म्हणून तिला सगळे वचकून असत. तिनं पेन खाली ठेवलं. विचारून घेतलं की डोळे ठीक आहेत ना, हात ठीक आहेत ना. मग म्हणाली, "ताई, मला तुमचं नाक नकोच होतं कधी. मला तुमचं सूप हवंय, आणि ते सोमवारी जसं तसंच शुक्रवारी. ते कागदावर लिहून द्या. बारा पदार्थ, वजनासकट, मिनिटांसकट. दोन महिने घ्या. तोवर वास घ्यायचं काम चालेलबाईंकडे, अधिकृतपणे."

अंदाजेताई जिना उतरून खाली आल्या त्या मोकळ्या होऊन, आणि काळजीतही पडून. लिहायचं काय? सव्वीस वर्षांचं शहाणपण सगळं नाकात साठवलेलं, आणि नाकाला तर कुलूप.

त्या रविवारी त्या नणंदेच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, दाखव तुझ्या गुरूचं काय म्हणणं आहे. नणंदेनं हसण्याची संधी सोडली, हे तिचे उपकारच. तिनं मसुराचं सूप शोधलं. शंभरावर कृती आल्या. एकीत मसूर धुऊन भिजवायचा, दुसरीत मुळीच भिजवायचा नाही. एकीत चार वाट्या पाणी, एकीत नऊ. आणि जिथं खरी गरज तिथं सगळ्यांचं एकच पालुपद, छान वास सुटेपर्यंत परता, आणि मीठ चवीनुसार. ताई म्हणाल्या, हे सगळे तर माझेच भाऊबंद निघाले. अंदाजे, अंदाजे, अंदाजे.

पहिला फटका केकनं दिला. ज्या कृतीला हजारो लोकांनी पाच-पाच तारे दिले होते तीच नणंदेनं निवडली. सोडा तीन मोठे चमचे, असं तिथं लिहिलं होतं. केक सुंदर फुगला. नवऱ्यानं एक तुकडा खाल्ला, दुसराही खाल्ला, छान झालाय म्हणाला आणि सलग दोन पेले पाणी प्याला. ताईंनी घास घेतला. त्यांच्या अर्धमेल्या जिभेलाही साबण चावल्यासारखं झालं. नंतर नणंदेनं ते पाच तारे देणाऱ्यांचे शेरे वाचून काढले. एकीनं लिहिलं होतं, फोटो फार गोड आहे, नक्की करून बघणार. दुसरीनं लिहिलं होतं, मी सोडा घातलाच नाही, मैद्याऐवजी ओट्स घेतले, केक अप्रतिम. केलेला जवळपास कुणीच नव्हता.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून अंदाजेताईंनी फुंकायला सुरुवात केली. आणि फुंकता फुंकता त्यांच्या लक्षात आलं की नाक गेलं असलं तरी आपल्याला बरंच काही माहीत आहे. नाकावर विसंबून ते कधी बाहेर काढावं लागलं नव्हतं, इतकंच. कांदा, उदाहरणार्थ. एका कृतीत लिहिलं होतं, पाच मिनिटांत कांदा गडद सोनेरी होईल. ताईंनी मोबाइल बाजूला सारला. सव्वीस वर्षांत त्यांनी किती कांदा परतला असेल त्याची गणती नाही, पण मंद आचेवर अर्ध्या तासाच्या आत तो कधी गडद सोनेरी झाला नव्हता. "जो कांद्याबद्दल खोटं बोलतो," त्या नणंदेला म्हणाल्या, "तो मिठाबद्दलही बोलणार. पुढची काढ."

शितावरून भाताची परीक्षा, तशी त्यांची कांद्यावरून कृतीची परीक्षा सुरू झाली. या एका चाळणीत निम्म्याहून जास्त कृती गळाल्या. उरलेल्यांना नणंदेनं आपली ग्रंथालयाची नजर लावली. एका ठिकाणी सामानात लोणी होतं आणि कृतीत शेवटपर्यंत लोण्याचा पत्ता नव्हता. एका फोटोत वर हिरवी पानं पेरलेली, सामानात पानांचं नाव नाही. म्हणजे फोटो भलत्याच सूपचा. तीन वेगवेगळ्या जागी तीच वाक्यं आणि ‘गाजर’ लिहिताना तीच चूक. तेव्हा तिघांनी मिळून एकदाही चूल पेटवली नसावी. त्यांना भरवसा वाटू लागला तो तक्रारखोर शेऱ्यांचा. माझं तळाला लागलं, मग मी पाणी आधी तापवून घातलं, असं कुणी लिहिलेलं दिसलं की ताई म्हणायच्या, ही खरंच शेगडीपाशी उभी होती. हिचं ऐकू या.

तीन आठवडे असे गेले. मग एका संध्याकाळी नणंद ग्रंथालयातून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात आली. तिला मोबाइलवर एक पान सापडलं होतं. पान कसलं, अगदी साधं, पांढऱ्यावर काळी अक्षरं, पदार्थाला एक फोटो, तोही पातेल्याचा आतून काढलेला. लिहिणारीचं नाव नव्हतं, फक्त ‘एक निवृत्त शिक्षिका’ एवढंच. नणंदेनं मसुराच्या सूपची कृती मोठ्यानं वाचली.

सगळं ग्रॅममध्ये होतं. पातेल्याची रुंदी दिली होती. माझी शेगडी मंद आहे, तुमची तेज असेल तर वेळ कमी लागेल, हेही दिलं होतं. आणि कांद्यापाशी लिहिलं होतं: ‘आधी तडतड मोठी येईल, ते कांद्यातलं पाणी आहे. पाणी उडालं की आवाज बसतो आणि कडेचे बुडबुडे बारीक होतात. इथून पुढे पातेलं सोडून जाऊ नका. पस्तीस ते चाळीस मिनिटं.’

अंदाजेताईंनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. वास हा शब्द अख्ख्या कृतीत कुठंच नव्हता. डोळ्यांनी काय दिसेल, कानांनी काय ऐकू येईल, डाव उचलल्यावर थेंब कसा पडेल, हेच सगळं. आपल्यासाठीच कुणी बसून लिहावं तसं त्यांना वाटलं. आणि पानाच्या तळाशी ‘माझ्या चुका’ असं लिहून यादी होती, तारखांसकट. आधी मीठ बारा ग्रॅम लिहिलं होतं, एका वाचकानं खारट झाल्याचं कळवलं, पुन्हा करून पाहिलं, नऊ बरोबर.

"ही बाई खरी," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी घरी आठ जणांचं सूप लावलं, काटा शेजारी, घड्याळ समोर. डोळे मिटून नुसतं ऐकलं. तडतड, मग हळूहळू आवाज बसत गेला. डोळे उघडले तर कडेचे बुडबुडे खरंच बारीक झाले होते. आयुष्यभर हा आवाज त्यांच्या कानांवर पडत होता आणि त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. नवऱ्याचं मत त्यांनी घेतलंच नाही. केकनंतर त्याची साक्ष ग्राह्य नव्हती. डबा भरून त्या थेट चालेलबाईच्या घरी गेल्या. तिनं चमचाभर घेतलं, आणखी चमचाभर घेतलं, मग वाटी आणायला उठली. उठता उठता म्हणाली, "चालेल. तुमचंच आहे." असले दोन शब्द जास्तीचे तिनं वीस वर्षांत काढले नव्हते.

एकेक करून पदार्थ उतरत गेले. पण रुग्णालयाच्या मापाला एक अडचण आली. शिक्षिकेनं लिहिलं होतं, जास्त माणसांसाठी सगळं त्याच पटीनं वाढवा. ताईंना ते वाचताच खटकलं. मोठ्या, खोल पातेल्यातून पाणी त्या मानानं कमी उडतं. आठाचं पंधरापट पाणी घातलं तर सूप नाही, मसुराचं तळं होतं. हे त्यांच्या हातांना पाठ होतं. त्यांनी तीन दिवस रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पाणी मोजून मोजून घातलं, रोज संध्याकाळी घरी नणंदेनं आकडे लिहून घेतले, आणि मग दोघींनी मिळून शिक्षिकेला पत्र लिहिलं. लहान तोंडी मोठा घास नको म्हणून ताईंनी चारदा मजकूर बदलायला लावला. आधी आभार लिही, त्या सांगत होत्या, चूक मागाहून. आणि नाकाचं पण लिही, म्हणजे आभार कशाचे ते त्यांना कळेल.

तीन दिवसांनी उत्तर आलं. शिक्षिकेनं लिहिलं होतं की एकतीस वर्षं तिनं शाळेच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकवलं. तिथला पहिला नियम म्हणजे बरणीला नाक लावायचं नाही. मुलांना सांगायचं ते डोळ्यांना दिसणारं आणि मोजता येणारं सांगायचं. तीच सवय स्वयंपाकात आली. कृती ती आपल्या भावासाठी लिहू लागली होती, तो परगावी एकटा राहायचा आणि ‘अंदाजे’ म्हटलं की गोंधळून उपाशी झोपायचा. ‘पण वास न येणाऱ्या माणसाला याचा उपयोग होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं,’ असं तिनं लिहिलं होतं. ‘आणि मोठ्या पातेल्याची चूक सहा वर्षं माझ्या पानावर होती. मी कधी वीसच्या वर माणसांना जेवू घातलेलंच नाही. आज दुरुस्त केली.’

नणंदेनं पान उघडलं. चुकांच्या यादीत सर्वांत वर नवी ओळ होती: मोठ्या मापाला पाणी पटीपेक्षा कमी, एकशे वीस रुग्णांसाठी रोज रांधणाऱ्या एका बाईंनी दाखवून दिलं, त्यांची मी ऋणी आहे. अंदाजेताईंनी चष्मा काढून पुसला. ज्या बाईचे पाय धरावेत असं त्यांना वाटत होतं, तीच त्यांचे आभार मानत होती.

दोन महिने पुरे व्हायच्या आत बारा कागद तयार झाले. आहारतज्ज्ञ मॅडमनं ते जाड पुठ्ठ्यावर लावून, वर पारदर्शक कागद चढवून प्रत्येक शेगडीशेजारी टांगले. पुढं एकदा ताईंच्या पायाला लचक भरली आणि त्यांना चार दिवस घरी बसावं लागलं. त्या चार दिवसांत चालेलबाईनं आणि बदलीवर आलेल्या एका स्वयंपाक्यानं त्या पुठ्ठ्यांवरून सगळं रांधलं. वरच्या मजल्यांवर कुणाला फरक कळला नाही. ही बातमी ऐकून ताईंच्या काळजात क्षणभर बारीक कळ उठली, मी नसले तरी चालतं म्हणजे! मग त्या स्वतःशीच हसल्या. आजारी माणसांना रोज तेच चांगलं सूप मिळतंय, आणखी काय हवं होतं?

वास पूर्ण परत आला नाही. वर्षभरानं कॉफी कधीकधी जळक्या रबरासारखी जाणवू लागली, नंतर संत्र्याची साल थोडी कळू लागली, तिथंच गाडी थांबली. त्याचं दुःख त्यांना होतंच. पण एकदा भांडी आवरताना त्या नणंदेला म्हणाल्या की माझं एक नाक गेलं आणि त्या बदल्यात तुझ्या दादाच्या चिठ्ठ्या, तुझे डोळे, चालेलबाईचं नाक आणि त्या शिक्षिकेचे कान मला मिळाले. सौदा अगदीच वाईट नाही. नणंद म्हणाली, वहिनी, सौद्यात तो सोड्याचा केक धरायचा राहिला.

शिक्षिकेनं मग त्यांच्याकडे कस्टर्डची कृती मागितली, चाळीस जणांच्या मापाची. ती पानावर ताईंच्याच शब्दांत आली: दूध तापताना आधी कडेला फेसाची माळ दिसते, मग खालून घुमल्यासारखा आवाज येतो, आणि उतू जाण्याआधी तो आवाज एकदम गप्प होतो; त्या गप्प होण्याची वाट बघत उभं राहा. काही दिवसांनी तिच्याखाली एका अनोळखी माणसाचा प्रश्न आला. तो एका वसतिगृहात जेवण रांधायचा. त्यानं विचारलं होतं की अंडी न घालता, नुसत्या कॉर्नफ्लोअरवर हे कस्टर्ड होईल का, आणि ते किती घ्यावं.

ताई एव्हाना एका बोटानं टाइप करायला शिकल्या होत्या. उत्तर त्यांना साधारण ठाऊक होतं. चार शब्दांत लिहून मोकळं होता आलं असतं. नणंदेनं तसं सुचवलंही. पण त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, काटा पुढं ओढला आणि दूध शेगडीवर चढवलं. पहिलं कस्टर्ड पातळ झालं, दुसरं वडीसारखं घट्ट. तिसऱ्याच्या वेळी नवरा कामावरून आला, त्यालाही त्यांनी घड्याळ धरून उभं केलं. दुपार त्यातच सरली. मग हात पुसून त्या बसल्या आणि एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या: होईल. आजच तीनदा करून पाहिलं.